तांदळाच्या पेढीतली चौथी बाईसाहेब आणि बॉम्बखालच्या शहरातली नववी

मावसबहिणीला मी एक हाँगकाँगची मालिका सुचवली होती. म्हटलं, युद्धाच्या काळातली आहे, चाळिशी ओलांडलेल्या दोघांची आहे, बघच. चार दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, सहा भाग झाले, अजून सगळे तांदूळच मोजतायत. युद्ध कधी सुरू होतं?"

ती 'रोझी बिझनेस' बघत होती. मला अभिप्रेत होती 'नो रिग्रेट्स'. ही गल्लत इतक्या जणांची होते की एकदा नीट उलगडून सांगावं असं वाटलं. दोन्ही मालिका मला जिवापाड आवडतात, आणि एकीला दुसरी समजून बघितलं तर दोघींवरही अन्याय होतो.

गल्लत व्हायला कारणं भरपूर आहेत. दोन्ही टीव्हीबी या वाहिनीच्या. पहिली एप्रिल २००९ मध्ये सुरू झाली, २५ भागांची. दुसरी ऑक्टोबर २०१० मध्ये, ३२ भागांची. निर्माते तेच, ली टिम-सिंग. नायक-नायिकाही तेच, वेन लाय आणि शेरेन टांग. हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत तर दोघींचं मूळ नावच एक आहे, 'गन क्वोक हिउ हुंग'. 'गन क्वोक' म्हणजे स्त्रियांचं शिरोभूषण, त्यावरून स्त्री. 'हिउ हुंग' म्हणजे जबरदस्त, प्रसंगी निर्दयही होऊ शकणारा कर्तबगार पुरुष. दुसरीच्या नावाला पुढे 'यी होई होऊ छिंग' अशी चार अक्षरं जास्त जोडलेली आहेत, एवढाच फरक. त्यामुळे दुसरी म्हणजे पहिलीचा पुढचा भाग, असा सगळ्यांचा समज होतो. तो चूक आहे. कथा, काळ, शहर, पात्रं, सगळं नवं आहे. पुढे याच नावाखाली तिसरी मालिकाही आली, पण तिच्यात शेरेन टांग नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवते.

आणखी एक गंमत म्हणजे 'काउ', अर्थात नऊ. पहिल्या मालिकेत तो नायकाच्या नावात आहे, छाय काउ. दुसरीत तो नायिकेच्या नावात आहे, चेंग काउ-मुई, नववी धाकटी बहीण. "तो काउचा सीन" असं कुणी म्हटलं, तर कोणता काउ हे विचारावंच लागतं.

ओळखायची सोपी खूण केसांची. पुरुषांच्या कपाळावरचे केस भादरलेले आणि पाठीवर लांब वेणी असेल, तर तो छिंग राजवटीचा काळ, म्हणजे 'रोझी बिझनेस'. आखूड केस, हॅट, कोट, पिस्तुलं दिसली, तर 'नो रिग्रेट्स'.

'रोझी बिझनेस' घडते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जिआंग्सू प्रांतातल्या वूशी गावी. चीनमधल्या चार मोठ्या तांदूळ बाजारांपैकी एक म्हणून हे गाव ओळखलं जातं. होंग पो-केई ही एका धान्यव्यापाऱ्याची चौथी बायको. नवरा जातो आणि पेढीचा भार तिच्यावर येतो. घरातच सवती आणि सावत्र मुलगा, शत्रू शोधायला उंबरठा ओलांडायची गरज नाही. छाय काउ हा हमालांमधला माणूस, तोंडाळ, अंगमेहनतीचा, डोक्याने तल्लख. तो तिला शेवटपर्यंत 'सेय नाय नाय' म्हणतो. चौथ्या बाईसाहेब. आपल्याकडच्या वाड्यांतून थोरल्या बाईसाहेब, धाकट्या बाईसाहेब असत, त्यातलाच हा प्रकार. तो शब्द नीट ऐका. सुरुवातीला त्यात कुरकुर असते, मग आदर येतो, आणि नंतर कधीतरी तेच तीन उच्चार इतके हळुवार होतात की दुसरं काही बोलायची गरजच उरत नाही. वेन लायचा सगळा अभिनय मला त्या एका हाकेत सापडतो.

इथे प्रेम अडतं ते मर्यादेपाशी. ती मालकाची विधवा, तो पेढीवरचा माणूस. दोघांना सगळं कळलेलं असतं, आणि कळलंय हेही कळलेलं असतं. म्हणून ते तांदळाचे भाव बोलतात, गोदामाचं बोलतात, उद्याच्या मालाचं बोलतात.

'नो रिग्रेट्स'मध्ये अशी सवड कुणाला नाही. शहर ग्वांगझू, आपल्या जुन्या पुस्तकांतलं कँटन, आणि काळ १९३० आणि ४० च्या दशकांतला. काउ-मुई अफूचा धंदा करणाऱ्या घराण्यातली, सगळे तिला 'काउ कू न्योंग' म्हणतात, नववी बाई. धंदा तिच्या हातात, हुकूम तिचा. समोर लाऊ सिंग, पोलीस खात्यातला. म्हणजे इथे मालकीण आणि नोकर नाहीत, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे असलेले दोन तुल्यबळ लोक आहेत. त्यांना एका बाजूला आणते ती जपानी फौज.

हा इतिहास थोडा माहीत असला तर मालिका वेगळीच भिडते. १९३७ च्या उन्हाळ्यात चीन-जपान युद्ध पेटलं आणि ग्वांगझूवर बॉम्बहल्ले सुरू झाले. ऑक्टोबर १९३८ मध्ये जपानी सैन्य समुद्रमार्गे उतरलं आणि दहा दिवसांच्या आत, २१ तारखेला, शहर पडलं. त्यानंतर जवळजवळ सात वर्षं परकी अंमल.

मला हे भाग बघताना दर वेळी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकात होते, ते पथक सप्टेंबर १९३८ मध्ये चीनला पोचलं ते याच ग्वांगझूला. शहर पडायला तेव्हा महिना-सव्वा महिना उरला होता. मालिकेत त्यांचा उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. पण पडद्यावर ते रस्ते दिसले की वाटतं, आपली माणसं इथून पुढे गेली.

भाषेचाही एक फरक आहे. वूशीची माणसं खरं तर कँटनीज बोलणार नाहीत. पहिल्या मालिकेत ती बोलतात कारण प्रेक्षक हाँगकाँगचा. दुसरीत मात्र ग्वांगझूची गोष्ट ग्वांगझूच्याच भाषेत येते. शिव्या, टोमणे, हाका, सगळ्याला मातीचा वास आहे.

आणि प्रेम? इथेही कुणी "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं म्हणत बसत नाही. पण 'रोझी बिझनेस'मधलं मौन लोकलाजेचं आहे, तर 'नो रिग्रेट्स'मधलं मौन जोखमीचं. शत्रूच्या ताब्यातल्या शहरात तुमचं कुणावर प्रेम आहे हे दिसणं म्हणजे तुम्हाला कुठे मारायचं हे दुसऱ्याला सांगणं. पो-केई आणि छाय काउ एकमेकांना जपतात. काउ-मुई आणि लाऊ सिंग एकमेकांवर जीव सोपवतात, आणि उद्या दोघं असू की नाही हे धरूनच बोलतात. दुसरीच्या नावातलं 'यी' हे अक्षर त्यासाठीच आहे. शब्दाला जागणं, माणसाच्या पाठीशी उभं राहणं, न्यायाची चाड, हे सगळं त्या एका अक्षरात येतं.

पहिलीतलं छाय काउचं एक वाक्य हाँगकाँगमध्ये घरोघरी गेलं. आयुष्यात अशी दहा-दहा वर्षं कितीदा मिळणार, 'थुंग फाय' जगणं महत्त्वाचं, अशा अर्थाचं. 'थुंग' म्हणजे वेदना, 'फाय' म्हणजे झटपट किंवा आनंदी. जोडून अर्थ होतो मनमुराद. अनेक जण हे वाक्य लाऊ सिंगच्या नावावर खपवतात. त्याच्या तोंडी ते शोभलंही असतं, पण ते त्याचं नाही.

हे वाक्य म्हणणारा नट तेव्हा पंचेचाळिशीला टेकला होता. वेन लायने त्याआधी वीसेक वर्षं दुय्यम भूमिका केल्या. १९९६ च्या एका पौराणिक मालिकेत तो वराहमुखी चू पाच्येई होता. शेरेन टांग त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान. टीव्हीबीच्या वार्षिक पुरस्कारांत २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री हेच दोघं होते, आणि सर्वोत्कृष्ट मालिकाही त्यांचीच. विशीतल्या चेहऱ्यांच्या धंद्यात हे घडलं याचा मला अजून आनंद वाटतो.

आधी कोणती बघावी? माझं मत, 'रोझी बिझनेस'. तिची वीण जास्त घट्ट आहे. 'नो रिग्रेट्स'चा पट मोठा, पण मध्ये काही भाग रेंगाळतात. मावसबहिणीला मात्र मी थांबू दिलं नाही. तांदूळ मोजून होऊ दे, म्हटलं. पंचविसाव्या भागानंतर तिने फोनवर एवढंच विचारलं, "दुसरीत तो तिला काय हाक मारतो?"