जुन्या बंद घरात हवा खेळती करणे (सातारा-सांगली भाग)

हवा खेळती करणे म्हणजे घरात कोंदलेली हवा बाहेर जाईल आणि बाहेरची ताजी आत येईल अशी सोय करणे. पंखा लावला की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण पंखा घरातलीच हवा घुसळतो, आणि स्प्लिट एसी पण तीच हवा गार करून परत सोडतो.

साताऱ्याच्या पेठांमधली किंवा सांगलीच्या गावभागातली जुनी घरं मुळात बंद नव्हतीच. पुढे सोपा, मधे चौक, मागे परडं, दारासमोर दार, कौलांच्या फटी, चांदईत (छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत) झरोका, चुलीवर धुराडं. गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी गार हवा ओढली जाते, एवढ्यावरच सगळं चालायचं. मग एकेक भोक बुजत गेलं: चौकावर पत्रा आला (पाऊस आणि माकडं, दोन्ही कारणं खरीच), कौलं जाऊन स्लॅब, स्लॅबखाली पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) खोटं छत, लाकडी खिडक्या जाऊन अल्युमिनियमच्या स्लायडिंग, आणि भावाभावात वाटण्या होऊन मधे भिंत, म्हणजे मागचं दार गेलं चुलत्याकडे. आमच्या मते तरी सगळ्यात जास्त घरं या वाटणीच्या भिंतीनेच कोंदली.

लक्षणं ओळखीची आहेत, कुबट वास, कपाटामागे बुरशी, सकाळी उठल्यावर जड डोकं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो आणि आपल्या उच्छ्वासात 4 टक्के म्हणजे 40,000 च्या आसपास, त्यामुळे बंद खोलीत चौघं झोपले की रात्रभरात किती साठत असेल बघा. सांगलीत 2005 आणि 2019 च्या पुराचं पाणी ज्या भिंतींत मुरलं तिथे घाईने ऑइलपेंट मारला तर ओल आतच अडकते आणि पोपडे सुटतात, आधी भिंतीला वारा लागू द्यायला हवा.

उपाय करताना एक गोष्ट डोक्यात ठेवायची, हवेला यायला वाट आणि जायला वाट, दोन्ही लागतात. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे (देशपातळीवरची बांधकामाची नियमावली) खिडक्यांची उघडी जागा कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश हवी, म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीला 12 ते 20 चौरस फूट. आता स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, 4 बाय 4 ची घेतली तर हातात 8 चौरस फूटच, आणि डासांची जाळी धुळीने माखली असेल तर तेही नाही.

वारा कुठून कुठे जातो ते उदबत्तीच्या धुराने कळतं. जिथे धूर नुसता घुटमळतो तिथे समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला बुजवलेला झरोका असतो का बघा, बऱ्याचदा असतो, प्लास्टरवर ठोकून पाहिलं की पोकळ वाजतो. तो उघडून जाळी बसवली तर मशीनची गरज पडत नाही. समोर दुसऱ्याची भिंत असेल तर मात्र एक्झॉस्ट फॅन, आणि त्याला हवा मिळावी म्हणून दाराखाली पाऊण इंच फट. फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर तो तिच्यातूनच हवा ओढतो आणि खोली जशीच्या तशी.

न्हाणीघरातला गॅस गिझर हा वेगळा आणि जीवघेणा विषय. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, म्हणून बंद न्हाणीघरात गॅस गिझर नकोच. बंद घरात जोरदार एक्झॉस्ट चालू असला तर गिझरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

सांगलीत एप्रिल-मे मध्ये दुपारी खिडक्या उघडून फायदा नाही, झळाच येतात, रात्री उघडून सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या. चौकावरचा पत्रा पूर्ण काढायची गरज नसते, चारी बाजूंनी अँगलवर फूट-दीड फूट उचलून मधे जाळी मारली की गरम हवा निघून जाते, कबुतरंही येत नाहीत. फक्त साताऱ्याकडे पश्चिमेच्या अंगाला पत्रा दोन-अडीच फूट पुढे काढावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात झड थेट चौकात.