न्यू जर्सीत मेडिकल मारिजुआना कार्ड: कोणत्या आजारांना मिळते, अर्ज कुठे अडतो

मेडिकल मारिजुआना कार्ड म्हणजे औषध म्हणून गांजा विकत घेण्याची राज्याची परवानगी. आपण अमेरिकेचे नागरिक नसाल, तर या कार्डाच्या अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. राज्याने परवानगी दिली असली, तरी इमिग्रेशनचा निर्णय केंद्रीय कायद्याने होतो. यूएससीआयएसच्या (नागरिकत्व व इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) २०१९ च्या धोरणानुसार गांजासंबंधीचे उल्लंघन राज्यात कायदेशीर असले, तरी नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते. त्यासाठी खटला चाललेला असण्याचीही गरज नाही, आपणच दिलेली कबुली पुरेशी ठरू शकते. म्हणून एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांचे अर्ज वकिलाचा सल्ला झाल्याशिवाय आम्ही हाती घेत नाही.

यादीतील आजार

औषधी गांजाचा न्यू जर्सीचा कायदा २०१० चा. त्यानंतर, विशेषतः २०१८ आणि २०१९ मध्ये, कार्ड मिळण्यास पात्र आजारांची यादी वाढत गेली. आज तिच्यात कर्करोग, एचआयव्ही-एड्स, एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू क्षीण होत जाणारा आजार), अपस्मार, काचबिंदू, क्रोन्स या आजारासह आतड्यांचा दाह, अर्धशिशी, चिंताविकार, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), टुरेट सिंड्रोम (नकळत झटके किंवा आवाज येणारा आजार), पाळीच्या तीव्र वेदना, ओपिऑइडचे (अफूच्या वर्गातील औषधांचे) व्यसन, जुनाट वेदना आणि १२ महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरल्याचे निदान झालेला आजार हे आहेत.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड किंवा नुसता निद्रानाश यादीत नाही. मात्र मधुमेहामुळे पायांच्या नसा दुखत असतील किंवा संधिवाताने गुडघे धरले असतील, तर जुनाट वेदनांखाली विचार होतो. त्यासाठी एमआरआय किंवा एक्स-रे, आधीच्या औषधांची यादी आणि फिजिओथेरपीची नोंद सोबत न्या. ‘खूप दुखतं’ एवढ्यावर चांगला डॉक्टर सही करत नाही, आणि करूही नये.

काचबिंदूच्या रुग्णांसाठी खास सूचना: डोळ्यातला दाब गांजाने उतरतो, पण जेमतेम तीन-चार तास. कार्ड मिळाले म्हणून थेंब थांबवू नका.

अर्ज

कार्यक्रमात नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच प्रमाणपत्र द्यावे लागते. आपला नेहमीचा डॉक्टर नोंदणीकृत असेलच असे नाही, म्हणून आधी विचारा. डॉक्टर ऑनलाइन नोंद करून आपल्याला क्रमांक देतात. ते क्रमांक, फोटो, ओळखपत्र आणि न्यू जर्सीतील राहण्याचा पुरावा घेऊन कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशनच्या (गांजाचे नियमन करणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) संकेतस्थळावर अर्ज भरायचा. डिजिटल कार्डाला शुल्क नाही.

आपल्या लोकांचे अर्ज बहुतेक नावावरून परत येतात. लायसन्सवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे पूर्ण नाव, प्रमाणपत्रावर नुसते आद्याक्षर, अर्जात तेही नाही. तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखे हवे. घर बदलले असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्या.

अठरा वर्षांखालील रुग्णाला काळजीवाहक, म्हणजे त्याच्यासाठी दुकानातून माल आणणारी व्यक्ती, नोंदवावा लागतो. दुकानापर्यंत जाऊ न शकणाऱ्या आईवडिलांसाठीही तो नोंदवता येतो; एका रुग्णाला दोनपर्यंत.

कार्ड मिळाल्यावर

मर्यादा ३० दिवसांना ३ औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम. डॉक्टर कमी प्रमाणही लिहू शकतात. एकवीस वर्षांवरील कुणालाही दुकानातून विकत घेता येते हे खरे, पण कार्डधारकाला विक्रीकर लागत नाही. आरोग्य विमा मात्र हा खर्च देत नाही. घरी रोप लावणे कार्ड असूनही गुन्हा आहे.

खाण्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी गोळी घेतली, की दोन्हींचा परिणाम एकदम चढतो. ज्येष्ठांना चक्कर येऊन पडण्याचा धोका मोठा. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारे औषध) चालू असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा, रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झालेला असेल, तर तेही लपवू नका.

भारतात जाताना यातले काहीही सामानात ठेवू नका. तिथे १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा लागू होतो, न्यू जर्सीचे कार्ड चालत नाही.

कार्ड दोन वर्षांचे असले, तरी डॉक्टरचे प्रमाणपत्र त्याआधीच संपते. ते संपले की कार्ड हातात असूनही दुकान माल देत नाही. म्हणून प्रमाणपत्राची तारीख फोनमध्ये टाका आणि महिनाभर आधी भेटीची वेळ घ्या.