पाळीचा दिवस, चालू गोळ्या, घरातली शुगर: फॉर्मवर हे का विचारतो

पीसीओएससाठी (अंडाशयाचा हार्मोन-बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) हार्मोनच्या तपासण्या लिहून आणल्या, की आमच्या लॅबच्या काउंटरवर तीन प्रश्न येतात. उत्तर अर्धवट राहिलं, तर मशीनने दिलेला आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकतो.

पाळीचा कितवा दिवस?

एलएच, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉनसाठी पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सकाळी लवकर या. नीट अंगावर जायला लागतं तो पहिला दिवस. नुसते डाग मोजू नका. महिन्याच्या मध्यावर एलएच प्रत्येकीचंच उसळतं, नंतर १७-ओएच वाढतं, आणि तो आकडा पाहून उगाच धास्ती बसते. पाळी लांबलीच असेल तर ती आणायच्या गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. एएमएच (अंडाशयातल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारं) आणि टीएसएच (थायरॉइडचं) यांना दिवसाचं बंधन नाही. प्रोलॅक्टिनसाठी (दूध आणणारं हार्मोन) मात्र धावतपळत येऊन लगेच हात पुढे करू नका, वीस मिनिटं बसा.

कोणत्या गोळ्या चालू आहेत?

केस गळतात म्हणून घेतलेली बायोटिनची गोळी सगळ्यात जास्त घोळ घालते, आणि ती सांगायची राहते, कारण तिला कोणी औषध समजतच नाही. ५-१० मिलिग्रॅम बायोटिन चालू असेल तर काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं. तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवा. गर्भनिरोधक गोळ्यांचं उलट: त्या टेस्टोस्टेरॉन दाबतात, म्हणून तीन महिन्यांचं अंतर लागतं, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. उलटीवरच्या डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन चढतं.

टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी हनुवटीवर केस?

असं होतं. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रोटीनला बांधलेलं असतं. काम करतं ते सुटं. समजा दोघींचं टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे १.७३ नॅनोमोल प्रति लिटर आलं. एकीचं एसएचबीजी ६० नॅनोमोल प्रति लिटर, दुसरीचं २०. टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीने भागून शंभरने गुणलं, की पहिलीचा निर्देशांक २.९ आणि दुसरीचा ८.७. म्हणून या दोन तपासण्या जोडीनेच करा.

एसएचबीजी खाली आणतं ते इन्सुलिन. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. लिव्हर त्यामुळे एसएचबीजी कमी करतं. अंडाशय मात्र इन्सुलिनला दाद देत राहतं आणि एलएचच्या जोडीने पुरुषी हार्मोन वाढवतं. अंडं ज्यात वाढतं ते बीजकोष वाढता वाढता मध्येच थांबतात. सोनोग्राफीतले 'सिस्ट' म्हणजे हेच थांबलेले बीजकोष, गाठी नव्हेत. पहिल्या पाळीला आठ वर्षं झालेली नसतील, तर निदानासाठी ना सोनोग्राफी धरतात, ना एएमएच.

घरात कोणाला आहे?

आई, बहीण, मावशी तर सांगाच, पण वडिलांकडचंही सांगा: आत्याची अनियमित पाळी, वडिलांची शुगर. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात पीसीओएसमागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला. मात्र जीन एक नाही. २०११ मध्ये चीनमधल्या अभ्यासात एलएचसीजीआर, थाडा, डेनडी१ए हे जीन पुढे आले, नंतर आणखी सापडले; प्रत्येकाचा वाटा छोटा. त्यामुळे पीसीओएससाठी महागडी जीन तपासणी करून घेण्यात अर्थ नाही, फॉर्मवरचा हा रकाना त्याहून उपयोगी. अपवाद १७-ओएचचा. ते २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं तर मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा, एकाच जीनमुळे होणारा वेगळा आजार असू शकतो. दिसायला पीसीओएससारखाच, उपचार निराळे.

ग्लुकोजची तपासणी

आठ ते दहा तास उपाशी. साधं पाणी चालेल, चहा नको, तर्री-पोहे नंतर. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पहिला घोट घेतल्यापासून दोन तास मोजतो. त्या वेळात बर्डीच्या बाजारात खरेदीला गेलात तर चालण्याने साखर उतरते आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो, इथेच बसा. उलटी झाली तर लगेच सांगा, तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. दोन तासांनंतर १४० ते १९९ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, २०० किंवा त्यापुढे डायबेटीस.

घरून रक्त द्यायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आतलीच वेळ देतो. नागपूरच्या उन्हात नमुना तापला की इन्सुलिनचा आकडा भरवशाचा राहत नाही.