पिठ्या ढेकणातले जीवाणू आणि 'पेशीअंगक' शब्दाचा गुंता

दादर-माटुंग्याच्या गॅलऱ्यांत बाप्पासाठी जास्वंद लावणाऱ्यांना फांद्यांच्या बेचक्यातले पांढरे, कापसासारखे पुंजके चांगले ओळखीचे आहेत. या पिठ्या ढेकणांच्या शरीरात खास पेशी असतात आणि त्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या जीवाणू राहतात. झाडाच्या रसात साखर भरपूर, आवश्यक अमिनो आम्लं मात्र तुटपुंजी. ती तूट हे जीवाणू भरून काढतात. कीटकांच्या पेशींतले असे पाहुणे सूक्ष्मदर्शकाखाली एकोणिसाव्या शतकातच दिसले होते.

त्यांचे जनुकसंच वाचता येऊ लागले ते २००० पासून. माव्यातल्या बुखनेरा या जीवाणूचा संच निघाला साधारण ६ लाख ४० हजार बेस जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा), आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचा ४६ लाखांचा असतो. पुढे आकडे घसरतच गेले. २००६ मध्ये दुसऱ्या एका रसशोषक कीटकातला कार्सोनेला, १ लाख ६० हजार. २०११ मध्ये लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणातला ट्रेम्ब्लाया, १ लाख ३९ हजार, प्रथिनांची जनुकं जेमतेम १२०. आईकडून पिल्लाकडे मोजकेच जीवाणू जातात, त्यामुळे बिघडलेली जनुकं चाळून निघत नाहीत. बंद पेशीत बाहेरून नवं जनुक मिळायचीही सोय नाही. गेलं ते गेलं.

इतकं उरलेल्याला जीवाणू म्हणायचं की पेशीअंगक, म्हणजे पेशीतला ठरावीक काम करणारा तिचाच भाग? तंतुकणिका आणि हरितलवकंही एके काळी स्वतंत्र जीवाणूच होती. मराठी शब्द तर जास्तच फसवा आहे: 'अंगक' म्हटलं की तो यजमानाच्या अंगाचाच भाग, हे आधीच मान्य करून टाकल्यासारखं होतं. बराच काळ कसोटी एकच होती: यजमान स्वतः बनवलेली प्रथिनं आत पोचवतो का? ट्रेम्ब्लायाची उणीव भरणारी काही जनुकं कीटकाच्या संचात सापडली (२०१३), पण ती आली होती भलत्याच जीवाणूंकडून. २०१४ मध्ये माव्याचं एक प्रथिन बुखनेरात पोचलेलं दिसलं आणि कसोटीची भिंत भेगाळली. २०२४ मध्ये एका सागरी शैवालातल्या नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूला थेट अंगक ठरवलं गेलं, तेव्हापासून कीटकांनाही तोच शब्द लावायची घाई वाढली आहे.

ती घाई मला पटत नाही. नुसता आकार लहान झाला म्हणून कोणी अंगक होत नाही, आणि एक प्रथिन आत गेल्यानंही नाही. बदली करता येते का, हे पाहायला हवं. जपानमधल्या काही सिकाडांनी (हेही रस शोषणारे कीटक) आपला झिजलेला जीवाणू, हॉजकिनिया, कायमचा सोडून त्याच्या जागी बुरशी घेतली. हे २०१८ मध्ये उघड झालं. तंतुकणिकेच्या जागी असा दुसरा जीव आणलेला प्राणी कुठेही सापडलेला नाही. पिठ्या ढेकणात तर ट्रेम्ब्लायाच्या पोटात आणखी एक जीवाणू राहतो, आणि तो आतला भाडेकरू या कुळात एकदा नव्हे, अनेकदा बदलला गेला आहे.