परवाना शिकून झाल्याचा की शिकायला लागण्याचा?

जपानी चहाविद्येच्या, म्हणजे पाहुण्यांना रीतसर चहा करून देण्याच्या कलेच्या, वर्गात थोडे दिवस काढले की विद्यार्थ्याच्या हाती एक कागद येतो. आपल्याकडे त्याला सर्रास प्रमाणपत्र म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मूळ शब्द 'क्योजो', म्हणजे परवानगीचं पत्र. अमुक पद्धतीनं चहा करायला तुम्हाला आलं, असं त्यात म्हटलेलं नसतं. ती पद्धत शिकायला आता तुम्हाला मोकळीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या पायरीवर नवा कागद, नवं शुल्क. वीस वर्षं शिकलेल्या बाईंकडे अशा कागदांची चळत असते, पण त्यातला एकही 'उत्तीर्ण' म्हणत नाही.

हे असं का, ते समजायला फार मागे जावं लागत नाही. चीनहून चहा आणणारा झेन पंथाचा बौद्ध भिक्षू, 1587 चा क्योतोतल्या कितानोचा चहामेळा, 1591 साली साकाई शहरातल्या व्यापारी चहागुरूला, सेन नो रिक्यूला, पोट चिरून मरण्याचा झालेला हुकूम, हे सगळं त्याआधीचं. त्या मरणाच्या कारणांवर अजून वाद घालतात, घालोत बापडे. शिकण्या-शिकवण्याची आजची घडी बसली ती त्यानंतर दीडेकशे वर्षांनी.

त्या गुरूच्या पणतूंपासून क्योतोत तीन घराणी निघाली. नावं अगदी पत्त्यावरून पडावीत तशी: पुढचं घर (ओमोतेसेन्के), मागचं घर (उरासेन्के) आणि तिसरं ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याचं (मुशाकोजिसेन्के). अठराव्या शतकात शहरांतल्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांना चहा शिकायचा होता आणि शिष्यांची संख्या एकेकट्याला समोर बसवून शिकवण्यापलीकडे गेली. तेव्हा पहिल्या दोन घराण्यांच्या प्रमुखांनी, ते सख्खे भाऊच होते, गटानं करायचे सात सराव बसवले. एकात पाच जण लाकडी चिठ्ठ्या उचलतात आणि चहा कोणी करायचा, कोणी प्यायचा हे तिथल्या तिथे ठरतं. दुसऱ्यात पाळीपाळीनं फुलं मांडायची, तिसऱ्यात कोळसे रचायचे, आणखी एकात चव घेऊन चहा ओळखायचा. फुलं आणि कोळसा ही 'जोडविद्या' म्हणून नंतर चिकटवलेली नाहीत, हे यावरून कळावं.

याच काळात 'इएमोतो' ही व्यवस्था पक्की झाली. आपण त्याचं भाषांतर घराणेप्रमुख असं करतो. ते चालण्यासारखं आहे, पण एक फरक डोळ्याआड होतो. आपल्या गायकीत गुरूनं गंडा बांधला, तालीम पुरी झाली, की शिष्य स्वतः गंडा बांधू शकतो. जपानी तलवारबाजीतही पूर्ण विद्या मिळालेल्याला पुढे स्वतःच्या नावानं परवाने देता येत, म्हणून तिथे शाखांना शाखा फुटत गेल्या. चहात मात्र शिकवण्याचा हक्क खाली दिला आणि परवाना देण्याचा हक्क वरच ठेवला. तुमची शिक्षिका कितीही मुरलेली असो, ती तुमचा अर्ज पुढे पाठवते. कागद येतो तो प्रमुखाच्या नावानं, आणि ते पद घरातच राहतं. वरच्या पायऱ्यांच्या पद्धती तर छापायच्याच नाहीत. वर्गात टिपणंही काढायची नाहीत, बघून आणि हातानं लक्षात ठेवायचं. याला कोणी परंपरेची शुद्धता म्हणतं, कोणी मक्तेदारी. दोन्ही खरं असेल, पण पैसा कोणत्या दिशेनं वाहतो हे पाहिलं की दुसरा शब्द अधिक नेमका वाटतो.

या पैशाचं महत्त्व 1871 नंतर एकदम वाढलं. सरंजामदारांची संस्थानं खालसा झाली आणि घराण्यांना त्यांच्याकडून मिळणारा तनखा बंद पडला. 1872 साली चहागुरूंची नोंद करमणुकीवर पोट भरणाऱ्यांत करायचं सरकारनं ठरवलं. मागच्या घराच्या प्रमुखानं लेखी हरकत घेतली: ही करमणूक नव्हे, आचरणाची विद्या आहे. गंमत अशी, की त्याच वर्षी क्योतोच्या प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांना जमिनीवर गुडघे मोडून बसणं जड जाईल म्हणून त्यानंच टेबल-स्टुलावरची नवी पद्धत बसवली. ती आज परंपरेचाच भाग म्हणून शिकवतात.

मग मुलींच्या शाळा आल्या. 1875 साली तोक्योत निघालेल्या एका शाळेनं चहा अभ्यासक्रमातच घेतला. तोवर मुख्यतः पुरुषांची असलेली ही विद्या काही दशकांत बायकांची झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलींनी फुलांची मांडणी आणि चहा शिकणं म्हणजे लग्नाची तयारी. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या वेळी 'पेटी शिकलीय' म्हणून सांगत, तसंच. वर्ग चालवणाऱ्या बायका, प्रमुखपदी मात्र पुरुष, ही रचना तेव्हापासूनची.

'टी सेरेमनी' हा इंग्रजी शब्द आणि त्यावरून आपला 'चहासमारंभ', हे बाहेरून आलेले शब्द. जपानीतला जुना शब्द 'चानोयु', म्हणजे साधं चहाचं गरम पाणी. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना पाठ्यपुस्तकातला 'सादो', म्हणजे चहाचा मार्ग, ठाऊक असतो, मागच्या घरात त्यालाच 'चादो' म्हणतात. त्यातला 'चा' आणि आपला चहा एकाच चिनी शब्दाचे. चहा घुसळून येणाऱ्या फेसावरूनही मतभेद आहेत: एका घराण्यात वाडगाभर फेस हवा, दुसऱ्यात चंद्रकोरीएवढी जागा मोकळी सोडायची. खोलीत पहिला पाय कोणता टाकायचा, हेही वेगळं.

1951 पासून मागच्या घरानं परदेशात शाखा काढायला सुरुवात केली आणि 1970 पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी क्योतोत खास अभ्यासक्रम चालवला. जपानमध्ये शिकणारे कमी होत असताना बाहेरचा ओढा मोठा आहे. 2024 साली जपानला साडेतीन कोटींहून जास्त पर्यटक गेले. क्योतोत पाऊण तासात किमोनोसकट चहा 'अनुभवता' येतो. त्याच वर्षी शरदात माच्चाची, म्हणजे या विद्येतल्या हिरव्या चहाच्या पुडीची, मागणी एवढी वाढली, की क्योतो आणि जवळच्या उजी गावाकडच्या जुन्या दुकानांनी गिऱ्हाइकामागे डबे मोजून द्यायला सुरुवात केली. रोजच्या सरावाला लागणारा चहाही त्याच डब्यांतून येतो.

परवान्याची वाट मात्र बदललेली नाही. परदेशातल्या विद्यार्थ्याचाही अर्ज शिक्षिकेमार्फत क्योतोला जातो आणि कुंचल्याच्या अक्षरातला जपानी कागद येतो. तो धड वाचता येत नाही, म्हणून कित्येक जण त्याला चौकट करून भिंतीवर लावतात, पदवीसारखा.