मोडलेल्या घरांचे लाकूड: गोव्यातील पुनर्वापराची पार्श्वभूमी

जुन्या दाराचे टेबल, वाशांचे बाक, पॅलेटच्या (माल वाहण्यासाठीच्या लाकडी तळफळीच्या) फळ्यांची शेल्फे या वस्तू गोव्यात आता सर्रास दिसतात आणि ती अलीकडची शहरी हौस आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात येथे लाकूड पुन्हा कामी आणण्याचा इतिहास घरे कशी बांधली गेली आणि कशी उतरवली गेली, याच्याशी घट्ट बांधलेला आहे.

साथींच्या तडाख्याने पोर्तुगीजांची आधीची राजधानी जुने गोवे ओस पडत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८३५ मध्ये ख्रिस्ती धार्मिक संघ बंद झाल्यानंतर रिकाम्या मठांचे बांधकाम साहित्य नव्या इमारतींसाठी नेले जाऊ लागले. पणजीच्या चर्चमधील मोठी घंटासुद्धा ऑगस्टिनियन मठाच्या अवशेषांतून आलेली आहे. उतरवलेली वास्तू वाया घालवायची नाही, हा रिवाज म्हणजे इथला जुनाच व्यवहार होय.

लाकडाच्या बाबतीत हा व्यवहार शक्य झाला तो मुख्यतः जोडकामामुळे. चिऱ्यांच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घरांत साग, माटी (ऐन), फणस यांचे लाकूड खाच-कुसू (खाच आणि तीत बसणारे टोक) आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेले असे. अशी दाराची चौकट उतरवताना आधी खुंट्या उलट्या बाजूने ठोकून काढतात, मग गणेशपट्टी (वरची आडवी पट्टी) वर उचलली जाते आणि दोन्ही उभ्या बाह्या उंबरठ्यातून सुटतात. कुठेही चीर पडत नाही. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी सहसा लागत नाही, आणि अनेक पावसाळे पाहिलेली फळी नव्या फळीसारखी पीळ घेत नाही. सुताराला जुने लाकूड आवडते, त्याचे खरे कारण हेच आहे.

१९६१ च्या गोवा मुक्तीनंतर, आणि विशेषतः आखाती देशांतून पैसा येऊ लागल्यावर, कौले जाऊन स्लॅब आले व वासे, रिपा, दारे मोकळी झाली. भिंतीत बसलेले वाशाचे कुजके टोक कापून टाकले की मधल्या भागातून बाक, खाटेचे पाय, पाट, आदोळीची (विळीची) बैठक निघे. पुढे १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने झाड तोडण्यास परवानगी सक्तीची झाली, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर आणखी बंधने आली आणि जुन्या सागाचा भाव चढला. बाणावलीचे गोवा चित्र संग्रहालय पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्या व खांब वापरून उभे आहे. या साहित्याचे मोल ते सर्वांसमोर आणते, म्हणून मला ते फार महत्त्वाचे वाटते.

औद्योगिक वसाहतींतून निघणारी पॅलेट हा या मालिकेतला सर्वांत नवा स्रोत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेली असली तर ‘एचटी’ आणि मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेली असली तर ‘एमबी’ असा शिक्का असतो. दुसऱ्या प्रकारची फळी घरात, विशेषतः स्वयंपाकघरात वा मुलांच्या खाटेला, मुळीच घेऊ नये. पॅलेटचे खिळे पिळाचे असल्याने उपटताना पातळ फळी फाटते, म्हणून पुष्कळदा ते फळ्यांच्या सांध्यातच करवतीने कापावे लागतात.

नव्या सदनिकांतले फर्निचर मात्र बहुतेक प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे असते. डिंकाने चिकटवलेली ही फळी ओल लागली की फुगते आणि तिचे थर सुटतात, त्यामुळे अशा घराची दुरुस्ती निघते तेव्हा सुताराच्या हाती फार तर दाराची चौकट लागते, तीही सागवानी असेल तर.