एसआरसी-१ डीएनएला चिकटत नाही

‘एसआरसी-१ हे प्रथिन जनुकावर जाऊन बसतं आणि ते चालू करतं,’ असं अनेक नोट्समध्ये अजूनही लिहिलेलं असतं. ते चूक आहे. डीएनएवरचा विशिष्ट क्रम ओळखतो तो रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन. १९९५मध्ये सापडलेलं एसआरसी-१ (स्टेरॉइड रिसेप्टर कोअ‍ॅक्टिव्हेटर-१, म्हणजे रिसेप्टरचं साहाय्यक प्रथिन) रिसेप्टरला धरतं.

हार्मोन बसलं की रिसेप्टरची बारावी हेलिक्स (प्रथिनातला मळसूत्रासारखा भाग) वळते आणि एक खाच तयार होते. एसआरसी-१च्या मधल्या भागात एलएक्सएक्सएलएल हा छोटा क्रम तीनदा येतो (एल म्हणजे ल्युसीन, एक्स म्हणजे कोणतंही अमिनो आम्ल). तोच या खाचेत बसतो. ल्युसीनच्या जागी अ‍ॅलनीन घातलं की पकड सुटते. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं, इस्ट्रोजेन या हार्मोनला रोखणारं औषध) दिल्यास बारावी हेलिक्स स्वतःच खाच अडवते. तरीही गर्भाशयाच्या अस्तरात, जिथे एसआरसी-१ भरपूर असतं, तेच औषध काही जनुकं चालू करतं!

जनुक चालू करण्यासाठी हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट लावण्याचं मुख्य कामही एसआरसी-१चं नाही. त्याची स्वतःची ताकद क्षीण. त्यासाठी ते पी३०० या दुसऱ्या प्रथिनाला बोलावून आणतं.

प्रयोगात हार्मोनशिवायही एसआरसी-१ची इस्ट्रोजेन रिसेप्टरशी जोडणी दिसली, तर आधी पेशी वाढवण्याचं माध्यम तपासा. फिनॉल रेड (माध्यमात घातलेला रंग) आणि साध्या सीरममध्ये इस्ट्रोजेनसारखी क्रिया असते. फिनॉल रेड नसलेलं माध्यम आणि कोळशाने शुद्ध केलेलं सीरम वापरा.